डाउराचा फेलिम

फर्गल डेव्हनीचा आठवडा इतका ठरलेला होता की कॅरिक गावात कोणीही त्याच्याकडे बघून घड्याळ लावावं. सोमवारी सिनेमा, कारण सोमवारी थिएटरात गर्दी नसते आणि पुढच्या खुर्चीवर पाय टाकता येतात. शनिवारी गावच्या संघाची मॅच, कारण तो संघ नेमाने हरतो आणि हरताना सोबतीला कोणीतरी असावं लागतं. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी घरी टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर फुटबॉलची गेम. उरलेल्या वेळात तो बांधकामाच्या सामानाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून खिळे आणि पाइप विकायचा, पण ते दिवस तो आयुष्यात धरत नसे. वय बेचाळीस, लग्न नाही, आणि त्याची कॉन्सेप्टा मावशी सोडली तर त्याबद्दल कोणाची तक्रारही नाही.

गेम तो एकटा खेळत नसे. पाच वर्षांपूर्वी एका बुधवारी यंत्रानेच त्याची गाठ एका अनोळखी माणसाशी घालून दिली. कानातल्या हेडफोनमधून जो आवाज आला तो इतका ओळखीच्या मुलखातला होता की फर्गलने चेंडू सोडून आधी विचारलं, कुठला रे तू. तो निघाला डाउराचा, फेलिम मॅकगव्हर्न. गाडीने चाळीस मिनिटं. दोघांनाही याचं भारी हसू आलं, म्हणजे आता भेटायलाच हवं असं दोघंही म्हणाले, आणि पाच वर्षांत एकदाही भेटले नाहीत.

का नाही भेटले? आवाजाची मैत्री चांगली चालली होती, तिला हातपाय फुटले तर काय होईल अशी काहीशी भीती असावी. ते कामधंद्याबद्दल बोलत नसत, बायकांबद्दल तर नाहीच. सिनेमांबद्दल मात्र तासन् तास. फेलिमला एक विचित्र खोड होती. कुठल्याही सिनेमाची शेवटची दहा मिनिटं तो बघत नसे. शेवट तो स्वतःच्या मनाने करायचा आणि तोच खरा म्हणून फर्गलशी हमरीतुमरीवर यायचा. सिनेमात कुत्रा असला तर आधी फर्गलने बघून यायचं आणि कुत्रा जगतो की नाही ते सांगायचं, मग हा बघणार. गेममधल्या त्याच्या संघाच्या गोलकीपरचं नाव त्याने मॅमी, म्हणजे आई, ठेवलं होतं. आईच्या नजरेतून आमच्या घरात कधी काही सुटलं नाही, म्हणायचा, मग चेंडू काय सुटणार.

आणि हे सगळं फर्गलने एका पेनल्टीपायी घालवलं.

रविवार होता. तीन-तीन अशी बरोबरी, शेवटची दोन मिनिटं आणि फर्गलला पेनल्टी मिळाली. त्याने चेंडू ठेवला, श्वास घेतला, आणि फेलिम गायब. पडद्यावर फक्त एक ओळ, की समोरचा खेळाडू निघून गेला आहे. बाहेर वादळ सुटलं होतं हे काही फर्गलला दिसत नव्हतं असं नाही. शेजारच्यांचा पत्रा रस्त्यावर लोळत होता. पण नेमकं पेनल्टीच्या वेळी नेमकं डाउरातच वादळ पोचतं, यावर कुठला खेळाडू विश्वास ठेवेल? त्याने तिथल्या तिथे लिहून पाठवलं, ‘पळपुटा निघालास. पुन्हा तोंड दाखवू नकोस.’ वास्तविक ते तोंड त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

बुधवारी फेलिम आला नाही. रविवारी आला नाही. डोंगराकडच्या गावांना अजून वीज नाही असं रेडिओवर सांगत होते, तेव्हा फर्गलला पहिल्यांदा वाटलं की वीज खरंच गेली असावी. पण पाठवलेलं परत कसं घ्यायचं? ‘वीज आली की बोलू’ एवढं लिहायला काही लागत नव्हतं. दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. बेचाळीस वर्षांचा घोडा, पण आधी फेलिमने बोलावं म्हणून हा रुसून बसला.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, कॉन्सेप्टा मावशीचा फोन आला. मावशी रोज चहाबरोबर मयताच्या जाहिराती वाचायची आणि ज्याच्या घरी जायला हवं त्याची नावं भाच्याला कळवायची. त्या दिवशी तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं, तेव्हा ती नुसतीच वाचत सुटली. डाउराचा कोणी फेलिम मॅकगव्हर्न गेला म्हणे, घरीच, अचानक. शुक्रवारी तीनपासून दर्शन, शनिवारी चर्च.

फर्गलने हातातला खिळ्यांचा डबा काउंटरवर ठेवला. वय काय दिलंय, त्याने विचारलं. मावशी म्हणाली, वय कधी देतात का जाहिरातीत, वेडा का खुळा तू. आणि तुझा कोण तो?

“मित्र,” फर्गल म्हणाला, आणि हा शब्द आपण त्याच्याबद्दल पहिल्यांदाच उच्चारतोय हे त्याच्या ध्यानात आलं.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. माणूस मेला हे एक दुःख झालं. पण त्याहून वाईट प्रश्न वेगळाच होता. मरायच्या आधी त्याने ते वाचलं का? वीज आली नसेल तर वाचलं नसेल, निदान तेवढं तरी पदरात पडलं. वीज आली असेल तर काय? यंत्र सुरू केलं की पहिल्यांदा तेच समोर येणार. फर्गलला दुसरं काही नको होतं. फक्त एवढं कोणीतरी सांगायला हवं होतं.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून तो निघाला. डाउराच्या पुढे चढावर पिवळं जाकीट घातलेला एक शेजारी गाड्या शेतात वळवून देत होता. घरापासून फाटकापर्यंत रांग होती. आपण कोणाला ओळखत नाही याची फर्गलला चिंता नव्हती. आपल्याकडे मयताच्या घरी निम्मी माणसं अशीच येतात, दाराशी हात मिळवतात, फार वाईट झालं म्हणतात, चहा पितात आणि जातात. कोणी कोणाला तू कोण म्हणून विचारत नाही. त्याला चिंता होती ती शवपेटीत डोकावण्याची.

पेटी पुढच्या खोलीत होती. आत साठीकडे झुकलेला एक मोठा माणूस, कोट घातलेला, बोटांत जपमाळ गुंडाळलेली. फर्गल बघत राहिला. हा? याच्या कानशिलावर पांढरे केस होते आणि बोटं अशी जाड की एका बोटाखाली तीन बटणं दबली असती. याच बोटांनी तो पाच वर्षं डाव्या बाजूने मुसंडी मारत होता? आवाजावरून फर्गलने जो चेहरा मनात बनवला होता तो बारीक, तांबूस दाढीचा होता. पण तो त्याने स्वतःच बनवला होता, त्याला काय अर्थ? मेलेल्या माणसाला दोन शब्द बोलायला सांगता येत नाहीत. तेवढे बोलला असता तर सगळा उलगडा झाला असता.

मागून रांग ढकलत होती. भिंतीशी मयताची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची, डिम्फना नावाची, आणि तिच्या शेजारी तिची मुलगी ॲट्रॅक्टा. फर्गलने दोघींशी हात मिळवला, फार वाईट झालं म्हणाला आणि सुटला. सुटला म्हणजे स्वयंपाकघरात गेला, जिथून आजवर कोणी चहा घेतल्याशिवाय सुटलेलं नाही. कोणीतरी त्याच्या हातात कप दिला, दुसऱ्या कोणीतरी बशीत अंड्याची सँडविचं वाढली.

चहाच्या टेबलाशी ह्यूई नावाचे एक शेजारी होते. फर्गलने त्यांना आडून आडून विचारायला सुरुवात केली. फेलिमला फुटबॉलचं वेड असेल ना? ह्यूईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं याला चहाऐवजी कोणी भलतंच दिलंय. फेलिमला फक्त गुरं कळायची, ते म्हणाले. सिनेमा? त्याने कधी सिनेमा पाहिला असेल तर मला ठाऊक नाही. माणूस चांगला, पण तोंडातून शब्द काढायला खिळेकाढणी लागायची. तेवढ्यात त्यांनी पुढे घातलेल्या एका वाक्याने फर्गल जागच्या जागी थिजला. या खोऱ्यात मॅकगव्हर्न किती आहेत म्हणून सांगू, म्हणाले, फेलिमच चार होते. आता तीन.

फर्गलच्या डोक्याचा पार भुगा झाला. म्हणजे हा आपला नव्हेच? तसं असेल तर देव पावला. पण मग मॅमीवाला फेलिम का बोलत नाही? चारांतला एक गेलाय एवढं नक्की. शब्द न बोलणारा माणूस हेडफोन घातला की बडबड्या होत नसेल कशावरून? दुकानातला फर्गल तरी कुठे बोलायचा? काउंटरवर विचारा त्याच्याबद्दल, तेही म्हणतील, सिनेमा आणि हा? वीज कधी आली, एवढंच त्याने शेवटी विचारलं. मंगळवारी संध्याकाळी, ह्यूई म्हणाले. फेलिम गेला बुधवारी पहाटे.

आता बशी खाली ठेवावी आणि निघावं, असं त्याने ठरवलं. पण परतीची वाट पुढच्या खोलीतूनच होती, आणि तिथे डिम्फनाने त्याचा हात धरला. तिने त्याला ओळखलं नव्हतं आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. “तू आमच्या खोऱ्यातला नाहीस. माझ्या फेलिमला कुठून ओळखायचास, बाळा?”

इथे त्याने सरळ सांगायला हवं होतं, की काकू, ओळखतो की नाही तेच मला कळत नाही. पण पेटीशेजारी असं कोण बोलतं? तो म्हणाला, समोरासमोर कधी भेटलो नाही. संध्याकाळी यंत्रावरून बोलायचो, आपापल्या घरात बसून.

म्हातारीची पकड घट्ट झाली. “ॲट्रॅक्टा, ऐकलंस का? मी म्हणत नव्हते?” आणि मग फर्गलकडे वळून, अगदी हळू, “दार लावून बसायचा. मला त्याचा आवाज यायचा. कोणाशी तरी बोलतोय, कधी हसतोय. जेवताना माझ्याशी चार शब्द नाही बोलायचा. मला वाटायचं, याचं डोकं तर नाही फिरलं? तू होतास होय. मंगळवारी दिवे आले तसा लगेच आत गेला बघ. दार लावलं, आणि सकाळी...”

 फर्गलने मनात जुळवलं. दिवे आले, आत गेला, दार लावलं, वाचलं. पळपुटा. तो मटकन तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. रडू फुटेल असं त्याला वाटलं आणि खरोखरच फुटलं, डेव्हनींच्या तीन पिढ्यांत चारचौघांत कोणी रडलं नसेल तसं. डिम्फनाने त्याला रुमाल दिला. काय बोलायचा रे तो, ती म्हणाली, सांग ना मला.

मग फर्गलने सांगितलं. जे होतं ते सगळं. शेवटची दहा मिनिटं न बघणं, कुत्र्यांच्या सिनेमांची चौकशी, एका गाढवाच्या सिनेमानंतर फेलिम दोन दिवस आजारी असल्याचं सोंग करून बसला होता ते. गोलकीपरचं नाव सांगितलं तेव्हा डिम्फना आधी बघत राहिली, मग खांदे हलवून हसायला लागली. ॲट्रॅक्टा रडता रडता हसली. रांगेतली माणसं थांबून ऐकू लागली आणि हा आमचा फेलिम का, असं एकमेकांना विचारू लागली. फर्गललाही मधूनच तोच प्रश्न पडत होता, पण आता थांबता येत नव्हतं. मॅमीला एकदा मैदानाबाहेर काढलं होतं, तो सांगत होता, कारण तिने...

“फार वाईट झालं, डिम्फना काकू.”

आवाज त्याच्या डोक्यावरून आला. फर्गलने वर पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. तो आवाज त्याने पाच वर्षं कानात घालून ऐकला होता. वर पाहिलं तेव्हा समोर गोल चेहऱ्याचा, टक्कल पडलेला, बुटका माणूस उभा होता, दाढी नाही, काही नाही. फर्गलचा जीव भांड्यात पडला, आणि लगोलग त्याला कळलं की आपण काय करून बसलोय.

“ये रे, फेलिम,” डिम्फना त्याला म्हणाली. “हा बघ, आमच्या फेलिमचा मित्र. तुला ठाऊक होतं का, कुत्रा मरणार असेल तर माझा फेलिम सिनेमाच बघायचा नाही? आणि खेळातल्या गोलकीपरला म्हणे माझं नाव दिलं होतं. माझं.”

बुटक्या फेलिमने फर्गलकडे पाहिलं. फर्गलने तोंड उघडलं. आता सांगायलाच हवं होतं, काकू, माझी चूक झाली, हा तो. पण आवाज फुटला तो “मी कॅरिकचा” एवढाच. तेवढा पुरला. फेलिमच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं दिसलं, मग काहीतरी आणखी, मग काहीच नाही. तो खाली वाकला आणि म्हातारीचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला.

“हो काकू,” तो म्हणाला. “तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून.”

बाहेर, गाड्या लावलेल्या शेतात, दोघंही चिखलात उभे राहिले. हातपाय असलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते फर्गलला सुचेना. फेलिमने आधी तोंड उघडलं. तो गोलकीपर माझी आई आहे, म्हणाला. दोन वर्षांपूर्वी गेली ती. मला ठाऊक आहे, फर्गल म्हणाला, मी आत जाऊन सांगतो. फेलिमने मान हलवली. नको, मॅमी आता डिम्फना काकूची झाली.

“ते वाचलंस का?” फर्गलने विचारलं.

“मंगळवारी. दिवे आले तसं.”

“मग?”

“मग काय. ठरवून टाकलं, हा माणूस आपल्याला मेला. नाव काढायचं नाही.” फेलिम बुटाने चिखल उकरत होता. “आणि तू माझ्या मयताला आलास.”

फर्गल म्हणाला की ‘पळपुटा’ हा शब्द मी मागे घेतो. फेलिमने घराकडे पाहिलं. रांग अजून फाटकापर्यंत होती.

“घेऊ नकोस,” तो म्हणाला. “दोन शेतं पलीकडे राहतो मी. दोन आठवडे वीज नव्हती. म्हातारी आणि तो दोघंच वर, हे मला माहीत होतं. एकदाही आलो नाही. काय बोलायचं त्याच्याशी, म्हणून. आज रांगेत उभा होतो आणि मला त्याच्याबद्दल सांगायला एक वाक्य सापडेना. माझ्याच नावाचा माणूस. तू बोलत होतास तेव्हा जिवात जीव आला, की चला, कोणीतरी त्याला ओळखत होतं.”

“मी तुला ओळखत होतो.”

“ते आता कळतंय.”

मग गेलेला फेलिम दार लावून कोणाशी बोलायचा, हे दोघांच्याही मनात एकदमच आलं असावं, कारण दोघांच्याही नजरा पुन्हा घराकडे गेल्या. ते कोणी कुठल्या गावात बसलं असेल, आणि आज त्याला काय वाटत असेल, हे कळायला कुठलाच मार्ग नव्हता. रेडिओशी बोलत असेल, फेलिम म्हणाला. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास दिसला नाही.

फर्गल गाडीपर्यंत गेला, किल्ली काढली, आणि परत आला. काय करायचं ते त्याला नीट समजलेलं नव्हतं. तो फाटकाशी गेला आणि रांगेच्या शेवटी पुन्हा उभा राहिला. थोड्या वेळाने फेलिमही येऊन त्याच्या मागे उभा राहिला. पिवळ्या जाकिटातला शेजारी दोघांकडे बघत होता, पण मयताच्या घरी कोणी कोणाला काही विचारत नाही.

अर्ध्या तासाने फर्गल पेटीपाशी पोचला. या वेळी त्याने चेहरा शोधला नाही. कोटातला तो मोठा माणूस, पांढरी कानशिलं, जाड बोटं. फर्गलने त्याच्या हातावर हात ठेवला. मग डिम्फनापुढे आला.

“तू मघाशी येऊन गेलास की, बाळा,” ती म्हणाली.

“मघाशी मीच बोलत बसलो, काकू.” तो त्याच खुर्चीत बसला. “आता तुम्ही सांगा. फेलिमबद्दल. काहीही.”

ती आठवू लागली. ॲट्रॅक्टाने काही सुचवलं, तिने हाताने ते बाजूला सारलं.

“बटाटे सालीसकट खायचा,” ती शेवटी म्हणाली. “लहानपणापासून.”